पचणारी वाळू, न पचणारे खोटे

ज्या वाळूने पालीचे आतडे गच्च तुंबते, ती वाळू ‘पोटात गेली तरी विरघळते’ असे छापून विकणाऱ्याला आम्ही ठक म्हणतो. याहून सौम्य शब्द आम्ही शोधला नाही, शोधणारही नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडात पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून ही पाकिटे कैक वर्षे राजरोस विकली गेली आहेत. लाल, निळी, जांभळी, केशरी. आत असतो चुनखडीचा रंगवलेला चुरा. वर हसऱ्या सरड्याचे चित्र, आणि चित्राशेजारी आश्वासन: कॅल्शियमयुक्त, नैसर्गिक, पचनास सुलभ. त्या आश्वासनाखाली निजलेल्या प्राण्याचे क्ष-किरण चित्र पशुवैद्य दिव्यासमोर धरतात तेव्हा पोटाच्या जागी एक पांढराशुभ्र गोळा दिसतो. ही डोळ्यांतली धूळफेक राहिली नाही, हे पोटात धूळ भरणे झाले.

एका पालीसाठी अग्रलेखाची जागा कशाला, असे विचारणारे निघतील. त्यांना आमचे उत्तर आहे की या प्राण्याला दुखले तर तो कुत्र्यासारखा केकाटत नाही, मांजरासारखा कोपऱ्यात जाऊन गुरगुरत नाही. तो खायचे थांबतो, एवढेच. ज्याची तक्रार इतकी हलक्या आवाजात असते, त्याच्यासाठी कुणीतरी मोठ्याने बोलावे लागते.

आमच्या बहिणीच्या घरी, इंग्लंडातल्या एका लहान गावात घडलेली ही गोष्ट. भाचीच्या अकराव्या वाढदिवसाला तिला लेपर्ड गेको जातीची एक पिटुकली पाल मिळाली. पिवळ्या अंगावर गडद पट्टे, म्हणून पोरीने नाव ठेवले वाघ्या. दुकानदाराने काचेची पेटी, एक दिवा, प्लास्टिकची गुहा आणि निळ्या वाळूचे पाकीट असा सगळा संच एकत्र बांधून दिला. बहिणीने विचारलेसुद्धा, की एवढासा जीव वाळू खाणार तर नाही ना? ‘खाल्ली तरी चांगलेच, कॅल्शियम मिळेल,’ हे त्याचे शब्द. तीन महिन्यांनी वाघ्या रातकिड्यांकडे बघेना. विष्ठा बंद झाली. पोटाच्या खालच्या बाजूला निळसर डाग दिसू लागला आणि मागचे पाय तो ओढत चालू लागला. पशुवैद्य बाईंनी कोमट पाण्यात बसवून पाहिले, तोंडातून तेलकट औषध घातले, शेवटी पोट उघडायची तारीख ठरवली. आदल्या रात्री वाघ्या मेला. बहीण दुकानात गेली तेव्हा तिला ऐकवण्यात आले की तुम्हीच खायला जास्त घातले असणार. अकरा वर्षांच्या पोरीने ते वाक्य शेजारी उभे राहून ऐकले आणि पुढे कितीतरी दिवस ती आईला विचारत राहिली, ‘आई, मी जास्त घातलं होतं का गं?’

त्या पोरीच्या मनावर ठेवलेला तो गुन्हा आम्ही आज ज्याचा त्याच्या दारात नेऊन टाकणार आहोत.

‘पचते’ म्हणजे काय ते आधी पाहू. या वाळूत मुख्यतः असते कॅल्शियम कार्बोनेट. फळ्यावर लिहायचा जुना खडू, चुनखडीचा दगड, अंड्याचे कवच, सगळे याच पदार्थाचे. खडूवर आम्ल टाकले की फसफस होते, हा प्रयोग शाळेत पाहिलेला नाही असा वाचक विरळा. हाच पदार्थ आपण आम्लपित्त झाले की गोळीच्या रूपाने चघळतो, कारण तो जठरातले आम्ल मारतो. आता हिशेब मांडा. १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पुरते विरघळवायला ०.७३ ग्रॅम शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. पालीच्या जठरातला रस पीएच १ इतका जहाल आहे असे तिच्या बाजूने गृहीत धरले, तरी एवढे आम्ल मिळायला सुमारे २०० मिलिलिटर रस हवा. पूर्ण वाढलेल्या लेपर्ड गेकोचे वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम असते. म्हणजे दोन चिमटी वाळू जिरवायला या प्राण्याने स्वतःच्या वजनाच्या अडीच ते चार पट जठररस पाझरवला पाहिजे! वाघ्यासारख्या पिल्लाचे वजन तर याच्या निम्मेही नसते. हे गणित दहावीतले पोर वहीच्या पाठकोऱ्या पानावर करील. ते पाकीट छापणाऱ्याने केले नाही, किंवा करून दडपले. पहिले खरे असेल तर तो अडाणी आहे आणि दुसरे खरे असेल तर लबाड आहे. दोन्हींपैकी कोणत्याही माणसाच्या हाती जिवंत प्राण्याचे अंथरूण सोपवता येत नाही.

आणि दुष्टचक्र इथे थांबत नाही. पाल किडे खाते, आणि किड्यांचे कडक अंग फोडून पचवायला तिला तेच आम्ल हवे असते. वाळू ते आम्ल पिऊन टाकते. पचन मंदावते, पोटातला किडा तसाच राहतो, त्याच्या मागे वाळूचे कण साचतात, ओले होऊन एकमेकांना धरतात. त्यातून ही पाल जिभेने जग ओळखते; नव्या जागी आली की जमीन चाटत हिंडते. तिला कॅल्शियमची ओढ असते म्हणून पाळणारे लोक एका बुचात कॅल्शियमची भुकटी ठेवतात आणि ती आपणहून येऊन चाटते. त्याच कॅल्शियमची जमीन तिच्या चारही पायांखाली पसरून ठेवायची आणि वर म्हणायचे की ती वाळू सहसा खाल्ली जात नाही! कॅल्शियम देण्यासाठी एक बूच पुरते. पेटीभर वाळू लागते ती फक्त पाकिटे खपवण्यासाठी.

वाळू मुळात आली कुठून? दुकानदाराच्या डोक्यातल्या वाळवंटातून. कॅलेंडरवरच्या चित्रात असते तसे ते वाळवंट: पिवळे, मऊ, लाटालाटांचे. लेपर्ड गेको तिथली नाही. तिचे मूळ घर अफगाणिस्तान आणि पाकिस्तानकडचे कोरडे, खडकाळ डोंगरउतार. दगडगोटे, घट्ट बसलेली चिकणमाती, मध्ये मध्ये खुरटे गवत, आणि दिवसभर दडून बसायला दगडाखालच्या फटी. मराठी वाचकाला हे वर्णन परके वाटायचे कारण नाही, याला आपल्याकडे मुरमाड जमीन म्हणतात. किंबहुना हिची सख्खी भावंडे आपल्याच मातीत आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही पश्चिम भारतातली जात महाराष्ट्राच्या माळांवर राहते, आणि सातपुड्याच्या नावाने ओळखली जाणारी आणखी एक जात २०१४ साली शास्त्रात नोंदली गेली. या कुळातल्या पालींना पापण्या असतात, बोटांना चिकटणारी गादी नसते. आपल्या घरातल्या पालीसारख्या त्या भिंतीवर चढत नाहीत. जन्मभर त्यांची गाठ जमिनीशी. ज्याचे सारे आयुष्य जमिनीवर, त्याच्या जमिनीतच खोट!

ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा, बिअर्डेड ड्रॅगन, याची कथा आणखी वाईट. ऑस्ट्रेलिया आपले रानटी सरडे व्यापारासाठी परदेशी पाठवू देत नाही. म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत विकला जाणारा बिअर्डेड ड्रॅगन कित्येक पिढ्या पेटीतच जन्मलेला असतो. आपल्या देशाची घट्ट लालसर माती त्याच्या पणज्याच्या पणज्याने पाहिली असेल तर असेल. त्याला जी जमीन मिळते ती सर्वस्वी आपण देऊ ती. त्याला निवड नाही, पळून जायला रान नाही. अशा कैद्याच्या कोठडीत काय अंथरायचे याचा निर्णय जाहिरातखात्याने घ्यावा?

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ते आम्ही टाळणार नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे आणि त्या अंशाआड लपून मोठे असत्य सुटून जाते आहे. अनुभवी पाळणारे सांगतात की रानातली पालसुद्धा किड्याबरोबर माती गिळते आणि ती विष्ठेतून निघून जाते. खरे आहे. सुटी माती म्हणजे विष नव्हे. धडधाकट, ऊबदार, नीट खाल्ल्याप्यालेला प्राणी थोडे कण सहज बाहेर टाकतो. आतडे तुंबते ते बहुधा आधीच काहीतरी बिघडलेले असते म्हणून. थंड रक्ताच्या प्राण्याचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. लेपर्ड गेकोला पेटीच्या एका टोकाला ३२ ते ३४ अंश सेल्सिअसची जमीन लागते, बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खायची जागा ४० अंशांच्या आसपास. ती ऊब नसेल तर पोटातले अन्नच हलत नाही, तिथे वाळू कशी हलणार? दुसरे म्हणजे कॅल्शियम आणि अतिनील किरणे. ती कमी पडली की या प्राण्यांना आपल्याकडच्या मुडदुसासारखा रोग होतो, हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो. आणि असा प्राणी माती खाऊ लागतो. भिंतीचे पोपडे खाणारे, माती चाटणारे लेकरू आपल्या घरांत कुणी पाहिले नाही? शहाणी आजी त्याला धपाटा घालत नाही, त्याच्या अंगात कशाची उणीव आहे ते बघते. पेटीतला सरडा तळाची माती खायला लागला तर तीच खूण समजावी.

हे सगळे मान्य. पण मग आमचा सवाल आहे: वाघ्याच्या पेटीत तापमान राखणारा थर्मोस्टॅट का नव्हता? कारण संचात तो दिलाच नव्हता. अतिनील नळी का नव्हती? संचात नव्हती. उष्णतामापक का नव्हता? संचात नव्हता. प्लास्टिकची गुहा होती, निळी वाळू होती, कारण ती काचेतून सुंदर दिसतात आणि गिऱ्हाईक त्यांना भुलते. पाळणाऱ्याने चुकीची ऊब दिली म्हणून प्राणी मेला असे हे लोक म्हणतात, आणि चुकीची ऊब देणारा दिवा त्यांनीच विकलेला असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि इथे तर संन्याशाचे वय अकरा वर्षे!

बाकीचा मालही काही कमी नाही. अक्रोडाच्या टरफलांचा भरडा ‘नैसर्गिक वाळवंटी अंथरूण’ म्हणून विकला जातो. हातात घेऊन चोळून पाहा, कडा बोटांना टोचतात, मग आतड्याच्या अस्तराचे काय होत असेल. मक्याच्या कणसाच्या गाभ्याचे दाणे ओल शोषून फुगतात, पोटात जाऊन फुगतात, पेटीत राहून बुरसतात. सीडर आणि पाइनच्या भुशाचा सुवास माणसाला आवडतो, पण तो सुवास ज्या तेलांचा असतो ती बंद पेटीत नाकाशी जमीन लावून निजणाऱ्या जिवाच्या फुप्फुसाला घातक. वाळूला कंटाळून माणूस कापडी गालिच्याकडे वळतो, तर त्याच्या धाग्यांत पालीची नखे अडकून उपटतात आणि विष्ठा आत मुरून जंतूंचे आगर होते. आगीतून फुफाट्यात. बागेच्या कुंडीतली विकतची माती आणावी तर तिच्यात खत आणि परलाइटचे पांढरे मणी. पाकिटावर हे ठळक लिहिलेले नसते. फायदे मोठ्या अक्षरांत असतात, आणि धोका असलाच तर बारीक अक्षरांत.

मग पायाखाली काय घालावे? उत्तर इतके स्वस्त आहे की दुकानदाराला ते सांगणे परवडत नाही, म्हणून आम्ही सांगतो. पिल्लू असेल, आजारी असेल, नुकतेच घरी आणलेले असेल, तर साधा शोषक कागद किंवा वर्तमानपत्र अंथरा. रोज बदला. विष्ठा झाली की नाही, कशी झाली, हे पहिल्या नजरेत कळते, आणि या प्राण्यांची तब्येत बहुतांशी तिथेच वाचता येते. मोठ्या लेपर्ड गेकोला किंवा ड्रॅगनला दगडी फरशी उत्तम. आपल्याकडच्या शहाबादीसारखी, पॉलिश न केलेली, किंचित खरबरीत. गुळगुळीत चकचकीत टाइल नको, तिच्यावर पाय घसरतात. फरशी खालून ऊब घेते आणि धरून ठेवते, पोट टेकून बसलेल्या पालीला ती मिळते, नखे आपोआप झिजतात, पुसायला ओले फडके पुरते. फरशा एकमेकींना नीट भिडवा, नाहीतर रातकिडे फटीत दडतात. तासलेले तुकडे जिथे कामाच्या जागेवर टाकून दिलेले असतात, तिथून मागून आणले तरी चालतात. घरी आणून कढत पाण्याने धुवा म्हणजे झाले.

एका कोपऱ्यात झाकण असलेला डबा ठेवावा, त्याला शिरायला भोक, आत ओले शेवाळ किंवा ओला कागद. कात टाकताना पाल त्यात जाऊन बसते. हा डबा नसला तर बोटांवर जुनी कात आवळून राहते, रक्त थांबते, आणि बोटे गळून पडतात. आम्ही अशी बोटे नसलेली पाल पाहिली आहे.

ज्याला खरी माती द्यायची हौस आहे आणि मेहनतीची तयारी आहे, त्याने खुशाल द्यावी. खत न घातलेली माती दोन भाग, धुतलेली वाळू एक भाग, त्यात थोडी चिकणमाती. पाणी शिंपडून मळावी, सारवायच्या आधी अंगण चोपतात तशी चोपावी, आणि दोन-तीन दिवस कडकडीत सुकू द्यावी. वर चार दगड. अशी जमीन उकरता येते आणि ढासळत नाही. कच्छच्या आणि थरच्या कोरड्या रानात राहणारा सांडा हा सरडा अशाच घट्ट जमिनीत बीळ करतो आणि आत शिरून तोंड बुजवून घेतो. भुसभुशीत रेतीत त्याचे बीळ उभेच राहणार नाही. (याच सांड्याला पकडून, कणा मोडून, रस्त्याच्या कडेला त्याचे तेल काढणाऱ्यांविषयी वेगळे लिहावे लागेल.)

एकच जमीन सर्वांना लागू नाही, हेही ध्यानात घ्यावे. न्यू कॅलेडोनियाच्या दमट जंगलातली क्रेस्टेड गेको, जी नामशेष झाली असे समजले जात होते आणि १९९४ साली पुन्हा सापडली, तिला ओलसर काथ्याचा भुसा मानवतो. कोकणातल्या माणसाला तो काय असतो हे सांगायला नको. तोच भुसा कोरड्या पेटीत लेपर्ड गेकोखाली घातला तर वाळून नाकाडोळ्यांत धूळ उडवतो. म्हणून विकणाऱ्याने आधी विचारायला हवे की तुमच्याकडे कोण आहे, तो कुठून आला आहे, किती वयाचा आहे. विचारायला वेळ नसेल तर विकू नये.

आता कायद्याकडे. इंग्लंडात २००६ चा प्राणी कल्याण कायदा आहे. त्याच्या नवव्या कलमात प्राण्याच्या गरजा सांगितल्या आहेत, आणि त्यातली पहिलीच गरज योग्य परिसराची आहे. ती पुरवण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर टाकली आहे. प्राणी विकणाऱ्याला परवाना आधीपासूनच लागत होता, २०१८ च्या नियमांनी त्याच्या अटी नव्याने घातल्या. हे सारे चांगलेच झाले. पण आमच्या बहिणीवर, त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या आईवर, कायद्याने योग्य परिसर देण्याचे कर्तव्य ठेवले. आणि ‘हाच योग्य परिसर’ असे छापील खोटे सांगून तिच्या हाती चुना ठेवणारा मात्र मोकळा राहिला. ही वाळू पचते असे तुम्ही म्हणता ना? मग ते खाद्य झाले. कुत्र्याच्या बिस्किटाच्या पाकिटावर घटकांचे प्रमाण लिहावे लागते. तुमच्या पचणाऱ्या वाळूवरही लिहा. किती वाळू, किती वजनाच्या प्राण्याने, किती दिवसांत पचवली, ते दाखवा. आणि खाद्य नाही म्हणत असाल, तर पचनाचा शब्द पाकिटावरून खोडा. दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभे राहता येणार नाही.

पटकन हलायचे म्हटले तर सरकारे हलतात, हेही इतिहासात आहे. लहान कासवे तोंडात घालून अमेरिकेतली मुले साल्मोनेलाने आजारी पडू लागली, तेव्हा १९७५ साली तिथल्या सरकारने ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्रीच बंद केली. माणसाच्या पोटात दुखले तेव्हा कायदा धावत आला. सरड्याच्या पोटात दगड झाला तर त्याला यायला किती वर्षे हवीत?

आपल्याकडची स्थिती सांगताना आम्हाला लाज वाटते. रानातली घोरपड, रानातला सांडा, आपल्या माळावरची पाल धरून घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय आहे, आणि तसे करणाऱ्याची गय होता कामा नये. परदेशी प्राण्यांसाठी त्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. वन्यजीव व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत असलेला प्राणी, उदाहरणार्थ हिरवी इग्वाना, जवळ असेल तर त्याची नोंदणी करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांनी त्यासाठी ‘परिवेश’ हे सरकारी संकेतस्थळ नेमून दिले. प्राणी कुणाकडे आहे, एवढे सरकारला कळेल. तो कशावर झोपतो हे कोण विचारणार? पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली नियम झाले. त्यांतल्या व्याख्येत कुत्रा आहे, मांजर आहे, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी आहेत. सरडा नाही, पाल नाही. मुंबई-पुण्यात परदेशी सरडे पाळण्याची हौस वाढते आहे, ही हौस परदेशातूनच शिकलेली आहे, आणि तिच्या मागोमाग तिथली पाकिटे आणि तिथले खोटेही येणार. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम प्राणी बाळगणाऱ्या प्रत्येकाला सांगते की त्याला विनाकारण वेदना होणार नाहीत याची सर्व वाजवी काळजी घे. पाकिटावर विश्वास ठेवणे ही वाजवी काळजी धरायची की नाही, हे न्यायालयात एखादी मेलेली पाल घेऊन जाऊन विचारायची वेळ आमच्यावर येऊ देऊ नका. दुकानांच्या नियमांत सरपटणाऱ्या प्राण्यांचे नाव घाला. प्राण्याबरोबर त्याच्या जातीची माहिती मराठीत, हिंदीत, छापून देणे सक्तीचे करा: किती ऊब, कोणता उजेड, पायाखाली काय. आणि ‘पचणारी’ म्हणून वाळू विकणाऱ्याला ती सिद्ध करायला लावा, नाहीतर त्याचा माल बंदरातूनच परत पाठवा.

पाळणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. निळी वाळू सुंदर दिसते म्हणून तुम्ही घेतलीत. पाल काचेपलीकडून तुमच्या दिवाणखान्याची शोभा वाढवायला आलेली नाही. पंधरा-वीस वर्षे जगू शकणारा हा प्राणी आहे. त्याला घरी आणण्याआधी तुम्ही त्याच्याविषयी एखादे पुस्तक वाचले नाही, एका पशुवैद्याला विचारले नाही, आणि टीव्ही घेताना मात्र चार दुकाने फिरलात. आज घरी जा, पेटीचे झाकण उघडा, तळाला रंगीत चुरा असेल तर आत्ता, याच संध्याकाळी, खरडून काढा. कागद अंथरा. उद्या फरशी आणा.

आमच्या भाचीने त्या वाळूच्या उत्पादकाला पत्र लिहिले. आईने इंग्रजी तपासून दिले, पण शब्द तिचेच. वाघ्याचे वजन तिने दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेऊन वहीत लिहून ठेवले होते, ते सगळे आकडे तिने पत्रात उतरवले. शेवटच्या रविवारचा आकडा १९ ग्रॅम. सोबत क्ष-किरण चित्राची प्रत जोडली. खाली तिने एवढेच विचारले होते की तुमच्याकडे कुणी पालीला ही वाळू खरोखर पचवताना पाहिले आहे का, आणि पाहिले असेल तर ती पाल अजून जिवंत आहे का. पत्राला अकरा महिने झाले. उत्तर आलेले नाही.